डाव्या चाकाची धूळ

ॲम्ब्युलन्स पांढरी होती. उजवीकडून बघितली तर ठीक दिसायची. डावीकडे आलं की अंगावर गोवर उठल्यासारखी. पुढच्या चाकाच्या मागून सुरू होऊन सरकत्या दाराच्या शेवटापर्यंत तपकिरी ठिपके, मोहरीहूनही बारीक. खाली दाट, वर विरळ.

"मॅडम, हा आमचा ड्रायव्हर," खैरनार साहेब बोट दाखवून म्हणाले. "रोज गाडी धुतो म्हणतो. ही धुतलेली गाडी वाटते तुम्हाला?"

ड्रायव्हर दोन पावलं मागे उभा होता. काशिनाथ भोये. पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा, चाळिशीच्या आसपासचा माणूस. हातात गाडीची किल्ली, खांद्यावर पुसायचं फडकं.

"धुतो साहेब. निघतच नाय," तो म्हणाला. "शाम्पू लावला, रॉकेल लावलं. तारेच्या घासणीनं पण घासलं."

तारेची घासणी म्हटल्यावर मी वाकून दार बघितलं. गोल गोल ओरखडे उमटले होते. ठिपके जागच्या जागी होते.

पाथर्डी फाट्याजवळ माझं डिटेलिंगचं वर्कशॉप आहे. डिटेलिंग म्हणजे गाडीच्या रंगाची देखभाल. वॉशिंग सेंटरवाल्याच्या धुण्यानं जे निघत नाही, ते आम्ही काढतो. त्याआधी सोळा वर्षं मी अंबडच्या एका कारखान्यात पेंट शॉपला इन्स्पेक्टर होते. नव्या रंगवलेल्या पत्र्यावरचे दोष शोधायचे आणि लिहून द्यायचे, एवढंच काम.

खैरनार साहेब एका धर्मादाय संस्थेचे व्यवस्थापक. संस्थेच्या चार ॲम्ब्युलन्स. त्यातली ही गाडी पेठकडच्या पाड्यांवरून पेशंट नाशिकला आणायची आणि बरे झालेले परत सोडायची. रविवारी देणगीदार मंडळी येणार होती. गाड्यांच्या शेजारी उभं राहून फोटो निघणार होते. बाकीच्या तीन गाड्या साध्या धुण्यानं चकचकीत झाल्या होत्या. ही एकच अडली होती.

"गंज चढलाय का?" साहेबांनी विचारलं.

"गंजच आहे. पण गाडीचा नाही."

मी त्यांना समजावून सांगितलं, तसंच इथेही सांगते. गाडीच्या पुढच्या चाकांत लोखंडाची एक तबकडी असते. तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड येऊन तबकडीला चिमटतात. घासाघाशीत लोखंडाचा भुगा उडतो. तो इतका तापलेला असतो की रंगावर पडला की त्यात रुततो. मग पाऊस, दव, धुण्याचं पाणी. रुतलेला प्रत्येक कण आपल्या जागी गंजतो आणि तपकिरी ठिपका दिसायला लागतो. याला ब्रेक डस्ट म्हणतात. नावात धूळ आहे, पण फडक्यानं पुसली जाणारी ही धूळ नव्हे.

मी एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात चढवली आणि दारावरून हात फिरवला. पिशवीमुळे बोटांना बारीक खरखर जास्त कळते. मग काशिनाथला तसंच करायला लावलं.

"पॉलिश पेपरासारखं लागतंय," तो म्हणाला.

"तेच. हे घासून निघत नाही. तुम्ही कितीही धुतलं असतं तरी निघालं नसतं."

त्यानं पिशवी हातातून काढली. "म्हणजे माझी चूक नाय ना, ताई?"

"नाही. तुमची काहीच चूक नाही."

त्यानं खैरनार साहेबांकडे बघितलं. साहेब मोबाईलवर काहीतरी शोधत होते. "करा मग मॅडम. शनिवारी संध्याकाळपर्यंत पांढरी पाहिजे," एवढं म्हणून ते रिक्षात बसून गेले.

काशिनाथ थांबला. गाडी माझ्याकडे असेपर्यंत त्याला दुसरी गाडी दिली नव्हती, आणि गाडी परक्याच्या हातात देऊन जाणं त्याच्यानं होत नसावं. मी नेहमीप्रमाणे आधी फोटो काढले. काम घ्यायच्या आधी चारही बाजूंचे फोटो आम्ही काढतोच, म्हणजे नंतर ग्राहकानं हा ओरखडा तुम्हीच पाडला म्हणायला नको. पुढच्या डाव्या चाकाचा फोटो काढताना मी खाली बसले, तर गालाला धग लागली. चाकाजवळ हात नेला. तव्याजवळ नेल्यासारखा वाटला. उजव्या चाकाजवळ जाऊन बघितलं. नुसतं कोमट.

"सरळ पेठहून आलात का?"

"हो ताई. एका बाईला सिव्हिलला सोडलं आणि सरळ इकडंच."

"गाडी कशी चालते?"

"चालते चांगली. जरा डावीकडं ओढते. स्टेअरिंग उजवीकडं धरून ठेवावं लागतं. घाट उतरलो की त्या चाकाचा जळका वास येतो."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, सर्व्हिसिंगला बघू."

मी मेकॅनिक नाही. पण सोळा वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढली की काही गोष्टी कळायला लागतात. पॅडना तबकडीवर दाबणारा जो भाग असतो त्याला कॅलिपर म्हणतात. ब्रेकवरून पाय काढला की त्यानं पकड सोडायची असते. तो जाम झाला तर पॅड तबकडीला चिकटूनच राहतात. मग ते चाक रात्रंदिवस थोडं थोडं घासत राहतं, तापत राहतं, गाडी त्या बाजूला ओढते आणि भुगा दुप्पट उडतो. डाव्या बाजूलाच गोवर का, याचं उत्तर माझ्यासमोर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्रा गार असताना, आम्ही काम सुरू केलं. आधी साधं धुणं. मग आयर्न रिमूव्हर. हे पाण्यासारखं दिसणारं औषध असतं. लोखंडाला लागलं की त्याचा रंग बदलतो. फवारलं आणि मिनिटभरात डावं दार जांभळं व्हायला लागलं. ठिपक्याठिपक्यातून जांभळे ओघळ खाली उतरले. सडक्या अंड्यासारखा वास सुटला.

काशिनाथनं नाकाला फडकं लावलं. "रक्तच येतंय जणू," तो म्हणाला.

नवीन माणूस हे बघून हमखास असं म्हणतो. मी हसले आणि पाइपनं पाणी मारलं. औषध सुकू द्यायचं नसतं, नाहीतर त्याचेच डाग पडतात. तीन वेळा फवारलं, तीन वेळा धुतलं. तिसऱ्या वेळीही डाव्या चाकाभोवती जांभळं निघतच होतं. उजव्या बाजूला पहिल्याच फवाऱ्यात संपलं. मग क्ले. ही मळलेल्या कणकेसारखी चिकणमाती असते. दाराला साबणाचं पाणी लावून ती हलक्या हातानं फिरवायची, उरलेले कण तिला चिकटून बाहेर येतात. शेवटी घासणीचे ओरखडे मशीननं पॉलिश करून काढले. त्याला सगळ्यात जास्त वेळ गेला.

काशिनाथ तेवढा वेळ बोलत होता. त्याला दोन मुली. बायको सुमन अंगणवाडीत मदतनीस. पाड्यावर गाडी गेली की पोरं धावत येतात आणि दाराच्या काचेत तोंड बघतात. गाडीत बाळंतीण असली तर तो हॉर्नसुद्धा वाजवत नाही. हे सगळं तो मोठेपणा न दाखवता सांगत होता.

काम झाल्यावर मी जॉब कार्ड भरलं. जॉब कार्ड म्हणजे गाडीवर काय केलं आणि काय आढळलं याचा कागद. एक प्रत ग्राहकाला, एक आमच्याकडे. मी लिहिलं, ब्रेक डस्ट काढली. खाली शेऱ्यात लिहिलं, पुढच्या डाव्या चाकावर धूळ प्रमाणाबाहेर, चाक तापते, गाडी डावीकडे ओढते, कॅलिपर जाम असण्याची शक्यता, घाटात नेण्यापूर्वी ब्रेक तपासून घ्यावा.

खैरनार साहेब शनिवारी दुपारी आले. गाडी बघून खूश झाले. कार्ड वाचलं आणि चेहरा बदलला.

"मॅडम, हे खालचं काढा."

"का?"

"याची कॉपी ट्रस्टींकडे जाते. ब्रेक हा शब्द वाचला की ते गाडी उभी करायला लावतील. पार्ट यायला आठवडा जातो. तोपर्यंत पेठचे पेशंट कोण आणणार? बाकीच्या तिन्ही गाड्या दुसऱ्या रूटला आहेत."

"पण साहेब, धोका आहे."

"मी नाही कुठे म्हणतोय? पुढच्या सर्व्हिसिंगला मी स्वतः दाखवतो. पंधरा दिवसांवर आलीय. फक्त कागदावर नको. आणि तुम्ही रंगाचं काम करता ना? ब्रेकचं मेकॅनिक बघेल."

त्यांचं बोलणं अगदी खोटं नव्हतं. गाडी उभी राहिली असती तर त्या आठवड्यात कोणीतरी वेळेवर दवाखान्यात पोचलं नसतं. तो माणूसही घाबरूनच बोलत होता. चारही गाड्यांचं काम कायमचं माझ्याकडे द्यायचं त्यांनी आदल्या दिवशीच बोलून दाखवलं होतं, हेही माझ्या डोक्यात होतं. मी मनाशी म्हटलं, तोंडी सांगितलंय, झालं. मी पेंटवाली आहे.

दोन्ही प्रती फाडल्या. नवीन कार्ड लिहिलं. बाह्य रंगावरील डाग काढले. साहेबांनी सही केली.

काशिनाथ गाडीजवळ उभा होता. त्यानं मोबाईलवर गाडीचा फोटो काढला, मग मला स्वतःचा गाडीसोबत काढायला सांगितला. मी काढून दिला.

"घाटात जपून," मी म्हटलं. "दुसऱ्या गिअरवर उतरवत जा. ब्रेकवर कमी राहा."

"पेशंट असला की मी पळवतच नाय, ताई."

त्यानंतर नऊ दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. पेठ रस्त्यावरच्या घाटात चालकाचा ताबा सुटून रुग्णवाहिका विरुद्ध बाजूला गेली आणि डोंगराला धडकली. चालक जागीच ठार. आतले वृद्ध रुग्ण आणि त्यांची सून जखमी. चालकाचं नाव काशिनाथ भोये.

मी खैरनार साहेबांना फोन लावला. तीन वेळा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला.

"साहेब, ब्रेक?"

"तपासले मॅडम. अधिकारी येऊन बघून गेले. पेडल व्यवस्थित आहे, ब्रेक लागतोय. त्याचाच काहीतरी..." त्यांनी फोन ठेवला.

ब्रेक लागतोय हे ऐकल्यावर मला हलकं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मी त्या दिवशी दुसऱ्या गाडीचं पॉलिश पूर्ण केलं, घरी गेले, जेवले.

तीन आठवड्यांनी दुपारच्या वेळी एक बाई वर्कशॉपच्या दारात आल्या. हातात कापडी पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. एसटीनं येऊन सीबीएस स्टँडपासून विचारत विचारत आल्या होत्या. मी पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. मी काढून दिलेला फोटो होता. मागे माझ्या वर्कशॉपचा बोर्ड.

"मी सुमन. यांची बायको."

मला बसा म्हणायचंही सुचलं नाही. त्या आपणहून दारातल्या बाकावर बसल्या.

"पाड्यावर लोक म्हणतात, पिऊन होता. कोणी म्हणतंय, डुलकी लागली. नायतर डावीकडची गाडी उजवीकडच्या डोंगराला कशी जाईल? ते म्हातारे बाबा आमच्या शेजारच्या पाड्यावरचे. त्यांच्या सुनेचा हात मोडला. त्यांच्या घरचे आमच्याशी बोलत नाय. पोरींना शाळेत बोलतात." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "ताई, यांनी कधी घेतली नाय. लग्नात पण नाय."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. खरं म्हणजे मला कसं माहीत असणार? पण माहीत होतं.

"तुमच्याकडून आले त्या दिवशी लय खूश होते. म्हणाले, नाशिकच्या ताईनं साहेबासमोर सांगितलं, याची चूक नाय." त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवला. "आता परत सांगाल का?"

 मी सगळं सांगितलं. चाकाची धग, गाडीचं ओढणं, मी लिहिलेलं कार्ड, फाडलेलं कार्ड. त्या ऐकत होत्या. रडल्या नाहीत. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतं, ताई."

मी गाडीचे आधी काढलेले फोटो शोधून ठेवले. 

दुसऱ्या दिवशी मी फोटो घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तपास करणारे फौजदार तरुण होते, बोलायला सरळ. त्यांनी फोटो मोठे करून बघितले.

"मॅडम, यात गाडी मळलेली दिसतेय. ब्रेक बिघडलेला दिसत नाही."

"एकाच बाजूला का मळलीय, ते बघा."

मी त्यांना डिस्क, पॅड, कॅलिपर सगळं कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "पण तपासणीत ब्रेक चालू निघालाय."

"गाडी कधी तपासली?"

"दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे गार झाल्यावर."

आदल्या रात्री, सुमनताई गेल्यावर, मी माझ्या जुन्या कारखान्यातल्या ब्रेक लाइनवरच्या एका सहकाऱ्याला विचारून घेतलं होतं. ब्रेकचं पेडल दाबलं की त्याचा जोर चाकापर्यंत पोचवतं ते नळीतलं ब्रेक ऑइल. चाक फार तापलं की ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पेडल दाबलं तरी नुसती वाफ दाबली जाते. पाय तळापर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही. गाडी गार झाली की वाफ जिरते आणि पेडल परत कडक लागतं. दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाला ब्रेक चांगलाच सापडणार. त्यात त्याचीही चूक नव्हती.

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "मग हे कळणार कसं?"

"डावं चाक काढून बघायला सांगा. तबकडी तापून निळी पडली असेल. पॅड उरलेच नसतील. उजव्याशी ताडून बघा."

"तुम्ही हे आधी लेखी दिलं होतं का कोणाला?"

"लिहिलं होतं. मग मी फाडलं."

"का?"

मी ते कारणही सांगितलं. त्यांनी जबाबात जसंच्या तसं लिहून घेतलं. सही करताना वाचलं, तर स्वतःचंच वाक्य अनोळखी वाटलं. ग्राहकाच्या सांगण्यावरून मी शेरा काढून टाकला.

ठाण्याच्या आवारात गाडी उभी होती. उजवी बाजू, म्हणजे ड्रायव्हरची, आत गेलेली. डावी बाजू आख्खी. मी पॉलिश केलेलं दार तसंच चकचकीत होतं आणि त्यावर चाकाच्या मागून नऊ दिवसांचे नवे ठिपके बसले होते. मी हात लावला नाही. फौजदारांना बोलावून फक्त दाखवलं. त्यांनी त्याचे फोटो घेतले.

बाहेर सुमनताई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "हा कागद पोलिसांकडं राहील. गावाला कोण सांगणार?"

त्या रविवारी मी पाड्यावर गेले. शाळेच्या ओट्यावर तीस-चाळीस माणसं जमली होती. शेजारच्या पाड्यावरचे ते बाबाही आले होते, काठी टेकत. शेजारी त्यांची सून, हात प्लास्टरमध्ये.  मी एक स्टीलचं ताट आणि दोन घासण्या मागून घेतल्या आणि ब्रेक कसा लागतो ते दाखवलं. मग बाबांच्या सुनेला विचारलं, "ताई, तेव्हा काय झालं?"

ती खाली बघून बोलली. "आम्ही मागं होतो. ते ओरडले, बाबांना धरा. मग तो मधला दांडा वर ओढत होते, परत परत."

"हँडब्रेक," मी लोकांना सांगितलं. "तो फक्त मागची चाकं धरतो. उतारावर भरलेली गाडी तेवढ्यानं थांबत नाही."

मग मी विचारलं, "त्या वळणावर डाव्या हाताला काय आहे?"

कोणीतरी मागून म्हणालं, "दरी."

"आणि गाडी कुठे ओढत होती?"

हे सुमनताईंनी सांगितलं. "डावीकडं. महिनाभर डावीकडंच ओढायची."

"नुसतं स्टेअरिंग सोडलं असतं तरी गाडी दरीत गेली असती," मी म्हटलं. "झोपलेल्या माणसाची गाडी डावीकडे गेली असती. प्यायलेल्याचीही. ती उजवीकडे न्यायला जोर लावावा लागला असेल. डोंगर उजवीकडे होता आणि ड्रायव्हर बसतो तोही उजवीकडे. हे त्यांना कळत होतं."

 बाबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. म्हणाले, "मला वाटलं, पोराला झोप लागली. मी तसंच सांगत फिरलो." मग त्यांनी सुमनताईंकडे तोंड वळवलं आणि हात जोडले. सुमनताईंनी त्यांचे हात धरून खाली केले. तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

मी कार्ड फाडल्याचंही तिथे सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं परतताना एक जण म्हणाला. नसतं चाललं.

"फाडलं नसतं तर ते वाचले असते?" सुमनताईंच्या मोठ्या मुलीनं तिथेच विचारलं. नववीतली मुलगी.

"माहीत नाही," मी म्हटलं. "गाडी उभी राहिली असती, एवढं नक्की."

ती उठून घरी गेली.

पुढचं थोडक्यात. गाडीची दुसऱ्यांदा तपासणी झाली. डावी तबकडी निळी पडलेली निघाली, पॅड झिजून मागचं लोखंड उघडं पडलेलं, कॅलिपर जाम. उजवीकडचं सगळं ठीक. अहवालात चालकाचा ताबा सुटल्याचं वाक्य गेलं आणि ब्रेक निकामी झाल्याचं आलं. पेपरात हे छापून आलं नाही. खैरनार साहेबांनी काम सोडलं. जायच्या आधी एकदा वर्कशॉपला आले, पाच मिनिटं उभे राहिले, गाड्यांकडे बघत. "मी खरंच दाखवणार होतो, मॅडम," म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्यानं काही बदलत नाही. संस्थेचं काम माझ्याकडे परत आलं नाही आणि मीही विचारायला गेले नाही.

सुमनताई अजून अंगणवाडीत आहेत. मुलींना आता शाळेत कोणी बोलत नाही, एवढं फोनवर कळलं. नंतर फोन झाला नाही. त्यांनी केला नाही, आणि माझा हात नंबरावर जाऊन मागे येतो.

काम चालू आहे. आयर्न रिमूव्हर जांभळा झाला की नवे ग्राहक अजूनही तेच म्हणतात. मी आता हसत नाही. वर्कशॉपला येणारी प्रत्येक गाडी आधी चारही चाकांशी बसून बघते, हात नेऊन बघते, आणि दिसेल ते लिहिते. लोक वैतागतात. परवा एक जण म्हणाला, मॅडम, मी डाग काढायला आलोय, तपासणीला नाही. गाडी घेऊन गेला.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी एवढंच लिहून ठेवते. ब्रेक डस्ट डाव्या-उजव्या चाकांवर सारखी असेल तर तिच्यावर औषध आहे, अर्ध्या दिवसात निघते. एका चाकावर जास्त असेल तर ती काढू नका. गाडी तशीच मळलेली आधी मेकॅनिककडे न्या.